'नो'ला इंडोनेशियनमधे काय म्हणायचं?

प्रश्न असा आलाय की ऑफिसच्या अ‍ॅपचं इंडोनेशियन करायचंय, शीटमधे 'नो' आणि 'नॉट' बऱ्याच ठिकाणी आहेत, सगळीकडे 'तिदाक' टाकून दिलं तर चालेल का. नाही चालणार हो. बटणावरच्या नुसत्या 'नो'ला तिदाक बरोबर आहे, पण बाकी ठिकाणी आधी बघावं लागतं की आपण नाकारतोय काय.

क्रियापद किंवा विशेषण असेल तर तिदाक. 'साया तिदाक लापार', मला भूक नाहीये. (बोलताना शेवटचा क घशातच अडकतो, आणि गप्पांमधे तर तिदाकच्या जागी 'ङ्गाक' म्हणतात.) नाम आलं की मात्र बुकान, 'इनी बुकान कोपी', ही कॉफी नव्हे. आपलं 'नव्हे' साधारण याच कामाचं, पण बोलताना ते आपण कधीच सोडून दिलं आणि सगळीकडे 'नाही' म्हणायला लागलो, म्हणून मराठी माणूस इथे हमखास चुकतो. मीही सुरुवातीला 'साया तिदाक गुरू' म्हणून मोकळा झालो होतो, गुरू म्हणजे तिकडे साधा शाळेतला शिक्षक. बुकानचं डोकं तोडून उरलेलं 'कान' आपल्या 'ना'सारखं येतं ते मला फार आवडतं: 'एनाक, कान?', मस्त लागतंय ना?

पण खरी मजा 'बलुम'मधे आहे. बलुम म्हणजे अजून नाही. आपण 'जेवलास का?' ला नुसतं 'नाही' म्हणतो आणि 'अजून' समोरच्याने समजून घ्यायचं असतं, तिकडे तसं नाही, 'सुदाह माकान?' ला उत्तर 'बलुम'च. लग्न झालंय का विचारलं (आणि विचारतातच, अगदी आपल्यासारखं, पहिल्या पाच मिनिटांत) तर बलुम म्हणायचं, तिदाक म्हटलंत तर करायचंच नाहीये असं वाटतं आणि मग पुढचे प्रश्न सुरू. तुमच्या शीटमधलं 'नॉट पेड' म्हणूनच 'बलुम दिबायार' आणि न वाचलेले मेसेज 'बलुम दिबाचा', यातलं बाचा म्हणजे आपल्या वाचण्याच्याच घरातलं, संस्कृतातून गेलेलं.

राहिलं 'नको'. 'विसरू नकोस' ला 'जाङान लुपा', इथपर्यंत सोपं. पण कुणी चहा विचारला आणि तुम्ही 'नको' म्हणून जाङान म्हणालात तर ते 'असं करू नका' असं दटावल्यासारखं होईल, तिथे 'ङ्गाक उसाह' म्हणजे आपलं 'राहू दे'. जाव्हाच्या लोकांच्या घरच्या भाषेत 'जाङान' म्हणजे चक्क पातळ भाजी, त्यामुळे यावर तिकडे विनोद भरपूर. 'नो स्मोकिंग'च्या पाटीवर तिदाकही नाही आणि जाङानही नाही, 'दिलाराङ मरोकोक', म्हणजे मनाई आहे.

'नो रिझल्ट्स' ला 'तिदाक आदा हासिल' टाका. आणि टेबलच्या पहिल्या कॉलमवर टिंब दिलेलं 'नो.' असेल तर त्याला हात लावू नका, ते नंबरचं आहे, तिकडे डचांकडून आलेला 'नोमोर' शब्द आहे आणि तेही त्याचं 'नो.'च लिहितात.