देव मानत नाही, गळाही बेसूर. सामूहिक गायनाला गेल्याने मनाला शांती मिळेल का?

'बेसूर' वाचलं आणि राहवलं नाही. शाळेत समूहगीताच्या वेळी बाई मला म्हणाल्या होत्या, "तू नुसते ओठ हलव." पुढची तीस वर्षं मी तेच केलं.

आई गेल्यावर दादाने सल्ला दिला: एकटा बस, मौन पाळ. बसलो. त्या शांततेत मला फक्त तिच्या छातीतली घरघर ऐकू यायची. शेवटी ओळखीच्या एका काकूंनी त्यांच्या प्रार्थनेच्या गटात ओढून नेलं. पंधरा-वीस माणसं, एक पेटी, पट्टी (गाण्याचा आधारस्वर) काळी एक. (बायकांच्या गळ्याला ती फार खालची होती, पण कुणाची कुरकुर नव्हती.) तिसऱ्या ओळीला माझा गळा दाटला, आवाजच फुटेना. ओळ मात्र चालूच. शेजारच्या काकांनी वळूनही पाहिलं नाही, फक्त स्वर जरा मोठा लावला. दोन ओळींनंतर मी पुन्हा आत शिरलो. एकट्याचा श्वास तुटला की गाणं तुटतं; इथे जो तो वेगळ्या जागी श्वास घेतो, म्हणून स्वर तुटत नाही. मला जे काही मिळालं ते एवढंच. त्यात देव होता की नाही, मी पाहायला गेलो नाही.

दादा याला झुंडीची नशा म्हणतो. अरे, गाताना श्वास पटकन आत घ्यायचा आणि लांबवर सोडायचा असतो, आणि श्वास सोडताना नाडी मंदावते. 2013 साली स्वीडनमधल्या गोथेनबर्ग विद्यापीठाच्या संशोधकांना एकत्र गाणाऱ्यांच्या हृदयाची गती बरोबरीने चढता-उतरताना दिसली. मौनात एकटं बसून कुणाशी जुळणार होती माझी?

तर तुम्ही जा. देव नसला तरी चालेल. खणखणीत आवाजाच्या माणसाशेजारी बसा, सूर बराचसा त्याच्याकडून मिळतो. हां, शब्द द्वेषाचे असतील तर उठून या. झुंडही सुरात गाते, एवढं दादाचं कबूल. आणि झोप-भूकच उडाली असेल तर आधी डॉक्टर.

दादा एकदा आला होता. दाराशी उभा राहून मोबाइल बघत होता, पाय मात्र ठेक्यावर हलत होता. विचारलं तर म्हणाला, मुंग्या आल्या होत्या.