विहिरीत पोहायला शिकलेल्या माणसाला लंडनची स्प्रिंट ट्रायथलॉन झेपेल का?

झेपेल. फक्त तुम्ही अंतराला घाबरताय आणि मला तुमची काळजी वाटते ती गर्दीची, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुम्ही लिहिलंय की वय त्रेचाळीस, लंडनला येऊन दोन वर्षं झाली, लहानपणी गावच्या विहिरीत पाठीला डबा बांधून पोहायला शिकलात, आणि आता ऑफिसातल्या मंडळींच्या नादानं पूर्व लंडनच्या जुन्या गोदीतल्या, म्हणजे रॉयल डॉक्समधल्या ट्रायथलॉनला नाव घातलंय. हातात तीन महिने आहेत. ७५० मीटर पोहणं, २० किलोमीटर सायकल आणि ५ किलोमीटर धावणं, म्हणजेच स्प्रिंट, एका दमात होईल का, सायकल कोणती घ्यावी आणि शेवटचा आलो तर काय, असे तुमचे तीन प्रश्न. मी सांगलीची. कृष्णेच्या घाटावर पोहायला शिकले आणि पंचेचाळिशी उलटल्यावर याच शर्यतीत पहिल्यांदा उतरले. त्यानंतर जमेल तेव्हा जातेच. नंबरात कधी आले नाही आणि येणारही नाही, त्यामुळे वेग कसा वाढवायचा हे मला विचारू नका.

आधी अंतराचं बघू. ऑलिम्पिकमध्ये २००० साली सिडनीला ट्रायथलॉन आली ती १५०० मीटर, ४० किलोमीटर आणि १० किलोमीटर अशी. तुमची बरोबर त्याच्या निम्मी. ज्याला तासभर सायकल चालवता येते आणि मधेमधे चालत का होईना पाच किलोमीटर पुरे करता येतात, त्याच्यासाठी हे दीड ते दोन तासांचं काम आहे. तीन महिन्यांत आठवड्याला दोनदा पोहलात, दोनदा पळालात आणि रविवारी सायकल बाहेर काढलीत तर अंगात तेवढी ताकद येते. यात काही गुपित नाही, यावर वेळही घालवत नाही.

खरी परीक्षा पहिल्या दोनशे मीटरमध्ये असते. लंडनला सगळ्यांना एकदम सोडत नाहीत, वेव्ह करतात, म्हणजे एका रंगाच्या टोप्यांचा एक घोळका, थोड्या वेळानं दुसऱ्या रंगाचा. तुमच्या घोळक्यात शे-दोनशे माणसं सहज असतील. काठावरून उडी मारायची नसते. गोदीच्या पाण्यात आधी उतरायचं, सुरुवातीच्या रेषेपर्यंत जायचं आणि तिथं तरंगत थांबायचं. पायाखाली जमीन नाही. पाणी हिरवट काळं, आपला हात कोपरापुढे दिसत नाही. जुलैअखेर किंवा ऑगस्टच्या सुरुवातीलाही ते थंडच लागतं. मग भोंगा वाजतो आणि सगळे एकाच बोयाकडे, म्हणजे वळणाची खूण म्हणून पाण्यावर तरंगत ठेवलेल्या फुग्याकडे, निघतात. कुणाची टाच तुमच्या गॉगलवर, कुणाचा हात तुमच्या पाठीवर. वेटसूटनं, म्हणजे पोहताना घालायच्या रबरी अंगरख्यानं, छाती आवळलेली असते, त्यात थंड पाण्यानं श्वास आखूड झालेला. तलावात आरामात चाळीस फेऱ्या मारणारी माणसं इथं शंभर मीटरवर बिचकतात.

इथं विहिरीचा तुम्हाला फायदा आहे, हे तुमच्या लक्षात आलेलं दिसत नाही. तुमच्या ऑफिसातले ते फ्रीस्टाइलवाले तलावात शिकलेत. त्यांना दर पंचवीस मीटरवर भिंत लागते आणि तळाची काळी रेघ दिसते. आपण शिकलो तिथं तळ कुणी पाहिला होता? पाण्यात उभ्या उभ्या हातपाय हलवत गप्पा मारणं, वरून उडी मारणाऱ्याला चुकवणं, डोकं वर ठेवून काठ कुठे आहे ते बघत पोहणं, हे सगळं तुम्हाला येतंय. डोकं वर ठेवून बेडकासारखं पोहलं तर चालतं का? चालतं. नियमात कुठल्याही पद्धतीनं पोहता येतं, पाठीवरसुद्धा. दम लागला तर सुरक्षेसाठी फिरणाऱ्या कयाकला, म्हणजे छोट्या होडीला, धरून थांबताही येतं, फक्त तिला धरून पुढे सरकायचं नाही. मदत हवी असेल तर पाठीवर उलटं व्हायचं आणि एक हात वर करायचा, ते लगेच येतात.

तरी पूर्ण अंतर बेडूकपद्धतीनं करू नका असं माझं मत आहे. वेटसूटमुळे पाय आपोआप वर येतात आणि लाथ पाण्याऐवजी हवेत बसते. शिवाय मागून येणाऱ्याच्या बरगडीत तुमची टाच बसते ती वेगळीच. तीन महिन्यांत साधं, हळू फ्रीस्टाइल शिकून घ्या. सुरुवातीची झुंबड आणि बोयाभोवतीचं वळण एवढ्यापुरतं जुनं पोहणं राखून ठेवा.

सराव मात्र उघड्या पाण्यातच व्हायला हवा. हाइड पार्कातलं सर्पेंटाइन आहे, हॅम्पस्टेडची तळी आहेत, हॅकनीच्या बाजूला वेस्ट रेझर्व्हायर आहे. रॉयल डॉक्समध्येही उन्हाळ्यात पोहायची सत्रं असतात आणि शर्यतीचंच पाणी म्हटल्यावर मी तीच निवडीन. एकट्यानं जाऊ नका. आधी चेहऱ्यावर पाणी मारा, मान भिजवा, उतरल्यावर मिनिटभर नुसते तरंगा. तो आखूड झालेला श्वास एक-दोन मिनिटांत आपोआप लांबतो, त्याच्याशी भांडायचं नाही. नंतर ऑफिसातल्या दोघांना दोन्ही बाजूंनी अगदी खेटून पोहायला सांगा. हे एकदा अंगवळणी पडलं की शर्यतीच्या दिवशी कुणाचा धक्का लागला तरी त्याचा राग येत नाही, भीतीही वाटत नाही. आणि वेव्हमध्ये उभं राहताना पुढे घुसू नका. मागे, एका कडेला. वीस सेकंदं जातील, जाऊ देत.

वेटसूट विकत घेण्याची गरज नाही, एका हंगामासाठी भाड्यानं मिळतो. गळ्याशी सैल वाटतो तो पाण्यात ढगळ होतो, म्हणून घट्टच घ्यावा लागतो. पण घरी घालून दहा मिनिटं वावरून बघा, श्वास पुरतोय का. मानेला घासून सालटं निघतात, त्यासाठी लावायची कांडी मिळते. व्हॅसलीननं रबर खराब होतं असं भाड्यानं देणारेच सांगतात. आणि पाणी २२ अंशांवर गेलं तर आपल्यासारख्या हौशींना या अंतरासाठी वेटसूट घालूच देत नाहीत, म्हणून एकदा तरी त्याच्याशिवाय पोहून ठेवा.

एक गोष्ट हसण्यावारी नेऊ नका. ट्रायथलॉनमध्ये जे दगावतात त्यातले बहुतेक पोहताना दगावतात, आणि त्यात मध्यमवयीन पुरुष जास्त असतात. तुमचं वय त्रेचाळीस आहे. आपल्याकडे घराघरात रक्तदाब आणि मधुमेह. नाव घातलंय हे डॉक्टरांना सांगून तपासून घ्या. पळताना छातीत दडपण येत असेल किंवा चक्कर येत असेल तर शर्यत पुढच्या वर्षीही असते.

आता ट्रान्झिशन, म्हणजे पोहण्यातून सायकलवर आणि सायकलवरून धावण्यावर यायची जागा. लंडनची खासियत अशी की ही जागा एक्सेल या प्रदर्शनांच्या अवाढव्य हॉलमध्ये असते, छपराखाली. मी उतरले तेव्हा आत फरशीवर पाणी होऊन कुणी घसरू नये म्हणून वेटसूट बाहेरच काढायला लावून हातात प्लास्टिकची पिशवी दिली होती. ओल्या अंगानं ती पिशवी घेऊन आत पळायचं आणि हजारो सायकलींमधून आपली शोधायची. आषाढीला पंढरपुरात देवळाबाहेर काढलेली चप्पल शोधण्यातलाच प्रकार. सायकल लावाल तेव्हाच पोहून येण्याच्या दारापासून आपल्या जागेपर्यंत चालत जा, रांगेचं अक्षर वाचा, छताकडे बघून एखादी खूण धरा. शेजारच्याच्या निळ्या टॉवेलवर विसंबू नका, तो तुमच्या आधी येऊन टॉवेल उचलून गेलेला असतो. मार्ग आणि मांडणी वर्षागणिक बदलते, तेव्हा ईमेलनं येणारी सूचनापुस्तिका नीट वाचा. २०२४ पासून त्याच शनिवार-रविवारी व्यावसायिकांची १०० किलोमीटरची शर्यतही तिथं होते, त्यामुळे रस्ते कधी बंद, कधी खुले हेही त्यातच बघावं लागतं.

नियम सोपे आहेत, पण कडक आहेत. हेल्मेटचा पट्टा लावल्याशिवाय सायकलला हात लावायचा नाही आणि परत आल्यावर सायकल रॅकवर टांगेपर्यंत तो सोडायचा नाही. हॉलमध्ये सायकल ढकलत न्यायची. बाहेर जमिनीवर एक रेघ असते, ती ओलांडल्यावरच टांग मारायची. २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये जॉनथन ब्राउनली या रेघेआधीच सायकलवर चढला म्हणून त्याला १५ सेकंदं थांबावं लागलं. तरीही त्यानं कांस्यपदक घेतलं आणि त्याच्या थोरल्या भावानं, अ‍ॅलिस्टरनं, सुवर्ण. आपल्याला मागे पाच माणसं घाई करत असताना त्या रेघेचं भान राहत नाही. घराच्या अंगणात, नाहीतर पार्किंगमध्ये हे सगळं ओळीनं करून बघा: कपडे बदलल्यासारखं करा, हेल्मेट, बूट, सायकल ढकलत न्या, चढा. शेजारी बघतील, बघू देत. आतून ट्रायसूट, म्हणजे तिन्हींसाठी चालणारा एकच पोशाख, घातला असेल तर बदलायला काही उरतच नाही. बुटांना लवचिक नाड्या घाला, ओल्या बोटांनी गाठ मारता येत नाही.

सायकल: आहे तीच. नसेल तर मागून आणा. मी तिथं पुढे टोपली लावलेली सायकलसुद्धा पाहिली आहे आणि ती चालवणारी बाई माझ्यापुढे निघून गेली. दोन्ही ब्रेक लागायला हवेत, हँडलच्या टोकांना बुचं हवीत, टायर धड हवेत. तीन महिन्यांसाठी हजारो पौंडांची कार्बनची सायकल घेऊन तुम्ही फार तर दोन-तीन मिनिटं वाचवाल. त्याच पैशांत पोहण्याची शिकवणी लावलीत तर पुढच्या दहा उन्हाळ्यांची सोय होईल. बूट अडकवायचे क्लिपचे पेडल आत्ताच नकोत.

टीव्हीवर ऑलिम्पिकवाले एकमेकांच्या चाकाला चाक लावून जथ्यानं जाताना दिसतात. तुम्हाला तसं करता येणार नाही. हौशींच्या शर्यतीत पुढच्याच्या मागे १० मीटर अंतर ठेवायचं आणि त्या पट्ट्यात शिरलात तर २० सेकंदांत त्याला ओलांडून जायचं, नाहीतर मोटरसायकलवरचा मार्शल दंड करतो. डावीकडून चालवा, उजवीकडून ओलांडा आणि ओलांडताना ओरडून सांगा. कानात इअरफोन चालत नाहीत. डॉकलँड्सचे, म्हणजे या गोदीच्या भागातले, रस्ते तसे सपाट आहेत, पण पुलांवर आणि पाण्याकडेला वारा सुटतो, त्यामुळे जाताना आपण किती भारी सायकल चालवतोय असं वाटलं की येताना त्याचा हिशोब होणार हे धरून चाला.

सायकलवरून उतरल्यावर पाय आपले नसतात. मांड्या भरलेल्या, पोटऱ्या दगड. घाबरू नका, किलोमीटरभरात सुटतात. आठवड्यातून एकदा सायकल झाल्या झाल्या दहा मिनिटं पळायची सवय ठेवा, ट्रायथलॉनवाले त्याला ब्रिक म्हणतात. सायकलच्या शेवटच्या टप्प्यात हलका गिअर टाकून पाय भराभर फिरवले तर उतरल्यावर कमी त्रास होतो. धावायचा मार्ग गोदीच्या काठाकाठानं आहे, फेऱ्या असतात, त्यामुळे घरची माणसं एका जागी उभी राहून तुम्हाला दोनदा तरी बघू शकतात. डोक्यावरून केबल कार जात असते आणि पलीकडे सिटी एअरपोर्टची विमानं उठत असतात. मुलं असतील तर त्यांचा वेळ मजेत जातो, तुमच्याकडे बघतीलच असं नाही.

खाण्याबद्दल फार डोकं लावू नका. दोन तासांच्या आतल्या कामाला त्या चिकट जेलची पाकिटं लागत नाहीत. अडीच-तीन तास आधी पोटाला सवयीचं काहीतरी खा. मी मऊ भात, तूप, मीठ खाऊन जाते. साबुदाण्याची खिचडी मात्र नको, ती पोहताना आठवण करून देते.

आणि शेवटचा येण्याचं म्हणाल, तर वेव्हमुळे ते तिथं कुणाला कळतच नाही. तुमच्याबरोबर धावणारा कुणी तासभर आधी निघालेला असतो, कुणी वीस मिनिटं नंतर. समोरून पळतोय तो पहिला आहे की शेवटचा, हे काठावर टाळ्या वाजवणाऱ्यांनाही माहीत नसतं. खरी वेळ पायाला बांधलेल्या, वेळ मोजणाऱ्या चिपमध्ये असते आणि ती संध्याकाळी तुम्ही एकटे बसून बघता.

जाताना सायकल घेऊन डीएलआरनं, म्हणजे डॉकलँड्सच्या लोकल रेल्वेनं, जाणार असाल तर शनिवार-रविवारी नेऊ देतात. पण पहाटेची वेव्ह मिळाली असेल तर पहिली गाडी कधी आहे ते आधी बघा. शर्यत संपल्यावर पदकाच्या आनंदात मनगटावरचा कागदी पट्टा फाडू नका. त्याच्यावरचा नंबर सायकलच्या नंबराशी जुळल्याशिवाय हॉलमधून सायकल बाहेर नेऊ देत नाहीत.