आज्जीचा जन्म कुठल्या साली?

प्रश्न : नमस्कार सर, आमच्या आज्जीबद्दल लिहून काढायचंय. माहेर बेळगावजवळच्या खेड्यातलं, सासर खानापूर तालुक्यात. जन्माची नोंद कुठंच नाही. ती एवढंच सांगायची, गांधीबाबा आले तवा मी पाळण्यात होते. स्वातंत्र्य मिळालं तेव्हा थोरली आत्या कडेवर होती म्हणे. सुरुवात कुठनं करू?

उत्तर : सुरुवात गांधीबाबांपासूनच करा, पण गांधीजी आपल्या जिल्ह्यात एकदाच नाही आले बरं का. 1916 ला बेळगावच्या प्रांतिक परिषदेला आले, 1924 च्या डिसेंबरात टिळकवाडीला काँग्रेसचं अधिवेशन झालं त्याचे तर ते अध्यक्षच, मग 1927 ला निपाणीला आले तेव्हा तब्येत बिघडली, आणि 1937 ला हुदलीला. आता आत्या लावून बघा. 1937 धरलं तर आज्जी 1947 ला दहा वर्षांची, म्हणजे ते गेलंच. 1916 धरलं तर एकतिशीत पहिलं मूल, त्या काळात अवघडच वाटतं. उरलं 1924 नाहीतर 1927, आणि माहेर बेळगावजवळ म्हटल्यावर मी 1924 कडं झुकेन. तरी तिच्या भावंडांपैकी कुणाचा शाळेचा दाखला मिळाला तर ताडून बघाच.

पुढचं लिहिताना एक कळकळीनं सांगतो, इतिहासाच्या पुस्तकातल्या तारखा ओळीनं चिकटवू नका. जी घटना तिच्या उंबऱ्याच्या आत आली तेवढीच घ्या. लहानपणी ती आईबरोबर शहापूरच्या बाजाराला गेली असेल तर तेव्हा शहापूर सांगली संस्थानात होतं, शेजारचं बेळगाव मुंबई इलाख्यात, हे लिहायलाच पाहिजे. महायुद्धात रॉकेल, साखर कशी मिळायची, 1957 च्या एप्रिलात नवे पैसे आले तेव्हा आण्याचा हिशोब कसा जमवला, हे विचारा. आणि 1 नोव्हेंबर 1956, ते सोडू नका! खानापूरचं तेच घर, तीच चूल, आणि ती मुंबई राज्यातनं म्हैसूर राज्यात गेली, 1973 ला त्याचंच कर्नाटक झालं. नंतर सरकारी कागद कन्नडमधनं यायला लागले तेव्हा ते घरात कोण वाचून दाखवायचं? आपल्याकडच्या बायकांच्या आयुष्यात हे केवढं मोठं होतं, आणि कुणी लिहूनच ठेवलं नाही.

आत्या असतील तर कागद शोधायच्या आधी त्यांच्याकडं जाऊन बसा, मोबाईलवर रेकॉर्ड करा. साल विचारू नका, तेव्हा घरात कोण जन्मलं होतं, कोण गेलं होतं, गाय कुठली होती ते विचारा, साल आपण नंतर काढू.