धुऱ्याची जमीन आणि वीस महिन्यांची फेलोशिप

प्रश्न : मी वर्धा जिल्ह्यातील समुद्रपूर तालुक्यातील असून शरीरातील दाह आणि नैराश्य यांच्या संबंधावर पीएच.डी. करते. एसआरएफ (सीनियर रिसर्च फेलो) म्हणून दरमहा 42,000 रुपये मिळतात. फेलोशिपचे वीस महिने उरले आहेत आणि बचत 4,80,000 रुपये आहे. आमच्या चार एकर कोरडवाहू शेताच्या धुऱ्याला (बांधाला) लागून असलेली दोन एकर जमीन विहिरीसह 18 लाखांना निघाली आहे. बाबा तीन लाख घालतील, माझी सगळी बचत जाईल आणि उरलेले कर्ज काढावे लागेल. अक्षय्य तृतीयेला इसार द्यायचा आहे. घ्यावी का?

उत्तर : धुऱ्याची जमीन पुन्हा विकायला येईलच असे नाही, हा आपल्या बाबांचा मुद्दा मी हलका मानत नाही. वाट एकच, वखरणी-पेरणी एकाच फेऱ्यात आणि शेजाऱ्याशी बांधाचा वाद कायमचा मिटलेला, या सोयींना किंमत असते. तरीही आपण सांगितलेल्या रचनेत हा व्यवहार करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि त्याचे कारण जमिनीपेक्षा कर्जाच्या मुदतीत अधिक आहे.

कर्ज दहा लाख वीस हजारांचे होईल. मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च त्याहून वेगळा. दहा टक्के व्याज आणि सात वार्षिक हप्ते धरले, तर प्रत्येक हप्ता सुमारे 2 लाख 10 हजारांचा येतो. आता उत्पन्न पाहू. कोरडवाहू कपाशीला चांगल्या वर्षी एकरी सहा क्विंटल धरले, तर दोन एकरांत बारा क्विंटल होतात आणि 2025-26 च्या हंगामातील लांब धाग्याच्या कापसाच्या 8,110 रुपये हमीभावाने त्याचे 97,320 रुपये येतात. बियाणे, खत, फवारणी आणि वेचणी यांचा एकरी पंचवीस हजार खर्च वजा केल्यास हाती सत्तेचाळीस हजार उरतात. म्हणजे हप्त्यातले जवळपास एक लाख त्रेसष्ट हजार दरवर्षी आपल्यालाच भरावे लागतील, आणि तेही बोंडअळी आली नाही व हिंगणघाटच्या बाजारात हमीभावाइतका दर मिळाला तर. हे सात वर्षे चालणार, आपले उत्पन्न मात्र आज वीस महिन्यांपुरतेच दिसते आहे.

एसआरएफची रक्कम हा पगार नव्हे. तिच्यामागे भविष्य निर्वाह निधी नाही, ग्रॅच्युइटी नाही, आणि ती दरमहा वेळेवर जमा होतेच असेही नाही. प्रबंध सादर केल्यापासून पोस्ट-डॉकचे (पीएच.डी.नंतरच्या संशोधनाचे) काम हाती येईपर्यंतचा काळ अनेक संशोधकांना बिनपगारी काढावा लागतो. आपला महिन्याचा खर्च 22,000 असल्याचे आपण पत्रात पुढे लिहिले आहे. त्या हिशेबाने एका वर्षाचे 2,64,000 रुपये मुदत ठेवीत बाजूला राहायलाच हवेत. या रकमेतून प्रयोगशाळेसाठी एलायझा किटही (रक्त तपासणीचा संच) उसनवारीने घेऊ नये, अशी उसनवारी करण्याची सवय मी अनेक संशोधकांत पाहिली आहे. उरले 2,16,000, निर्णय करायचा तो याच पैशांचा.

आपल्या पत्रातील दोन गोष्टी मला एकमेकींच्या शेजारी ठेवाव्याशा वाटल्या. इन्फ्लिक्सिमॅब या दाहशामक औषधाची 2013 साली प्रसिद्ध झालेली चाचणी आपण उल्लेखिली आहे : उपचारांना दाद न देणाऱ्या नैराश्याच्या साठ रुग्णांत सरासरीने औषधाचा फायदा दिसला नाही, पण ज्यांच्या रक्तात सीआरपी (दाह दाखवणारे प्रथिन) आधीपासून वाढलेले होते, त्यांच्यात तो असण्याची शक्यता दिसली. दुसरी गोष्ट म्हणजे त्या विहिरीला फेब्रुवारीपर्यंत पाणी असते, हे आपण अर्ध्या ओळीत उरकले आहे. त्या चाचणीसारखेच इथेही, जमीन फायद्याची की तोट्याची, हा सरसकट प्रश्न विचारण्यापेक्षा, पाण्यावाचून अडलेल्या आपल्या चार एकरांना ती विहीर किती पाणी देईल, हे विचारायला हवे. सोयाबीन निघाल्यावर पेरलेल्या हरभऱ्याला फेब्रुवारीपर्यंतचे पाणी पुरते. म्हणजे पडीक राहणाऱ्या शेतात दुसरे पीक येऊ शकते.

परंतु तेवढ्यासाठी अठरा लाख मोजण्याची गरज नाही. शेजाऱ्याच्या विहिरीला पाणी लागले, ही आपल्या शेतासाठी चांगली खूण आहे, खात्री मात्र नाही, कारण काळ्या पाषाणातील झरे बांधापलीकडे सारखेच असतील असे नसते. म्हणून आधी भूजलाची पाहणी करून घ्यावी, विहिरीचे शासकीय अनुदान आपल्या बाबांना लागू होते का ते पंचायत समितीत विचारावे, आणि मागेल त्याला सौर कृषी पंप योजनेत अर्ज करावा. तिथे सर्वसाधारण गटातील शेतकऱ्याला पंपाच्या किमतीच्या दहा टक्के हिस्सा भरावा लागतो. आपले दोन लाख आणि बाबांचे तीन लाख या कामाला पुरण्याची शक्यता बरीच आहे, आणि त्यानंतरही आपले वर्षभराचे पैसे शाबूत राहतात.

बाबांचे मन तरीही वळले नाही, तर विकणाऱ्याकडे एकच एकर मागून पाहावे. विहिरीला पाणी असताना ती पंपाने उपसून दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी किती भरले ते स्वतः मोजावे, सातबाऱ्यावर इतर हक्कांच्या रकान्यात बोजा आणि भूधारणेच्या नोंदीत भोगवटादाराचा वर्ग तपासावा, आणि आपले पैसे लागणार असतील तर खरेदीखतात आपलेही नाव असावे. विहिरीची मोजणी होईपर्यंत इसार देऊ नये. अक्षय्य तृतीयेचा मुहूर्त टळला तरी चालेल.