तोच प्रश्न, दुसरा परीक्षक

प्रश्न : माझी मुलगी यंदा बारावीत असून इंग्लंडमधील वैद्यकीय महाविद्यालयांसाठी तिने अर्ज केला आहे. एका ठिकाणाहून ऑनलाइन मुलाखतीचे बोलावणे आले आहे. घरी मी, तिचे काका आणि तिची मावसबहीण अशा तिघांनी वेगवेगळे बसून तिचा सराव घेतला, तेव्हा तिघांनीही ‘डॉक्टर का व्हायचे आहे?’ हेच विचारले. पहिल्यांदा तिने उत्तम उत्तर दिले. दुसऱ्यांदा ‘मघाशी सांगितल्याप्रमाणे’ म्हणून दोन वाक्यांत आटोपते घेतले. तिसऱ्यांदा काही नवे सांगण्याच्या नादात ती अडखळली. प्रत्यक्ष मुलाखतीत असे झाल्यास तिने दर वेळी नवे उत्तर द्यावे काय? प्रश्न पुन्हा विचारला म्हणजे आधीचे उत्तर पसंत पडले नाही, असे समजायचे का?
— एक पालक, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : आपल्याकडे एम.बी.बी.एस.चा प्रवेश नीटच्या गुणांवर ठरतो आणि पुण्याच्या ए.एफ.एम.सी.सारखा (सैन्यदलांचे वैद्यकीय महाविद्यालय) अपवाद सोडला, तर विद्यार्थ्याची मुलाखतीशी गाठच पडत नाही. त्यामुळे नोकरीच्या मुलाखतीचे ठोकताळे घरोघर इथेही लावले जातात. आपल्या दोन्ही प्रश्नांचे उत्तर मात्र मुलाखत कोणत्या पद्धतीची आहे, यावर अवलंबून आहे, आणि ते बोलावण्याच्या पत्रात बहुतेक लिहिलेले असते.

इंग्लंडमधील बरीच महाविद्यालये ‘मल्टिपल मिनी इंटरव्ह्यू’ म्हणजे एम.एम.आय. घेतात. ही पद्धत कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठात आकाराला आली आणि २००४ साली तिथल्या संशोधकांनी ती शोधनिबंधातून मांडली. यात उमेदवार एकामागून एक अशा अनेक ‘स्टेशनां’वर जातो, प्रत्येक ठिकाणी साधारण पाच ते दहा मिनिटे मिळतात, परीक्षक निराळा असतो आणि गुणपत्रिकाही निराळी असते. एखाद्याच परीक्षकाच्या बऱ्यावाईट मतावर सगळा निकाल लटकू नये, म्हणून मुद्दामच ही व्यवस्था केलेली आहे. एका स्टेशनवर काय बोलणे झाले, हे पुढच्या परीक्षकाला ठाऊक नसते. अशा वेळी ‘मघाशी सांगितल्याप्रमाणे’ म्हणून दोन वाक्यांत आवरले, तर समोरच्याच्या कागदावर त्या दोन वाक्यांचेच गुण पडणार. रुग्णालयात भरती झालेला माणूस आपली तक्रार आधी इंटर्नला, मग रेसिडेंटला आणि राउंडवर आलेल्या मोठ्या डॉक्टरांना पुन्हा पहिल्यापासून सांगतो, तसेच हे आहे. मुलीने दुसऱ्या परीक्षकाला पूर्ण उत्तर द्यावे, तेच उदाहरण नि:संकोच वापरावे आणि पुनरुक्तीबद्दल दिलगिरी तर मुळीच व्यक्त करू नये. नवे कारण शोधण्याची गरज नाही. डॉक्टर होण्याची खरी कारणे माणसाजवळ एक-दोनच असतात. ऐन वेळी तिसरे घडवायला गेले की ते बनावट वाटते, आणि आपल्या मुलीचे सरावात नेमके हेच झाले असावे.

एकच व्यक्ती किंवा एकच पॅनेल तोच प्रश्न पुन्हा विचारते, तेव्हा गोष्ट वेगळी असते. पुष्कळदा कारण अगदी साधे निघते. परीक्षकासमोर प्रश्नांचा छापील क्रम असतो आणि सर्वांना समान प्रश्न विचारले जावेत, म्हणून उमेदवाराने आधीच ओघात सांगितलेली गोष्टही तो विचारून घेतो. इथे मागच्या उत्तराचा ओझरता उल्लेख करून एखादा तपशील वाढवला की पुरे. मात्र कधी कधी विचारले एक आणि सांगितले दुसरेच, असे झालेले असते. ‘रुग्णालयात काम करताना काय शिकलात?’ या प्रश्नाला आपली मुले काय काय केले याची यादी देतात. परीक्षक तोच प्रश्न पुन्हा टाकतो, आणि मुले तीच यादी जरा मोठ्या आवाजात म्हणतात! समजा, मुलीने सुट्टीत एखाद्या रुग्णालयाच्या केसपेपरच्या खिडकीपाशी स्वयंसेवक म्हणून मदत केली आणि एका आजोबांनी तिला ‘गोळी जेवणाआधी की नंतर?’ हे तीनदा विचारले. ‘मी त्यांना मदत केली’ हे झाले केलेले काम. आजोबांना ऐकू कमी येत होते हे तिच्या उशिरा लक्षात आले, मग तिने पाकिटावर ताटाचे चित्र काढून दिले आणि पुढच्या माणसाशी बोलताना आधी त्याच्यासमोर नीट उभी राहिली, हे झाले शिकणे. परीक्षकाला दुसरे हवे असते. नेमके काय हवे आहे ते कळले नाही, तर ‘मी अनुभवाविषयी अधिक सांगू, की त्यातून काय उमगले त्याविषयी?’ असे विचारावे. तसे विचारण्यात कमीपणा नाही.

नीतिविषयक प्रश्नांत मात्र पुनरावृत्ती जाणूनबुजून केलेली असू शकते. इंग्लंडमध्ये मे २०२० पासून, नकार नोंदवलेला नसल्यास प्रौढ व्यक्तीची मरणोत्तर अवयवदानाला संमती आहे असे गृहीत धरतात. आपल्याकडे १९९४ च्या कायद्यानुसार संमती स्पष्टपणे घ्यावी लागते. ‘यांपैकी योग्य काय?’ असे विचारून उत्तर आल्यावर परीक्षक म्हणतो, ‘नक्की? आणि कुटुंबीय विरोध करत असतील तर?’ पुष्कळ मुले ‘नक्की?’ ऐकताच कोलांटी मारतात. आपली मुले मोठ्यांपुढे मान तुकवायला शिकलेली असतात, त्याचाही हा परिणाम असावा. नवा मुद्दा पुढे आला असेल, तर मत बदलायला हरकत नाही. पण कोणत्या मुद्द्यामुळे ते बदलले, हे सांगितले पाहिजे. केवळ प्रश्न पुन्हा आला म्हणून बदललेले मत टिकत नाही.

‘डॉक्टर का?’ आणि ‘नर्स का नाही?’ हे प्रश्न एकसारखे भासले तरी एक नाहीत. दुसऱ्यात डॉक्टरच्या कामातील निर्णयाची जबाबदारी कळली आहे का, हे पाहतात. तिथे ‘लोकांची सेवा करायची आहे’ हे उत्तर अपुरे ठरते, कारण सेवा नर्सही करते. तसेच २०२६ च्या प्रवेशापासून यू.सी.ए.एस.च्या, म्हणजे तिथल्या विद्यापीठ-प्रवेशाच्या केंद्रीय यंत्रणेच्या, अर्जातच ‘हा अभ्यासक्रम का?’ हा पहिला प्रश्न आहे. मुलीने तो मजकूर पुन्हा वाचून ठेवावा. मुलाखतीतील उत्तर त्याच्याशी विसंगत नसावे, पण त्याची घोकंपट्टीही नसावी.

सराव चालू ठेवा, मात्र काकांनी नुसतेच ‘डॉक्टर का?’ विचारण्याऐवजी तिच्या उत्तरातला एक शब्द पकडून त्यावरच पुढचा प्रश्न करावा. उत्तर कोणीही लिहून देऊ नये.

मुलाखत ऑनलाइन असल्याने नेट अडखळले म्हणूनही प्रश्न पुन्हा येईल; तेव्हा उत्तराची फेरमांडणी करत न बसता तेच शांतपणे पुन्हा सांगावे. हिवाळ्यात तिथले सकाळचे दहा म्हणजे आपले दुपारचे साडेतीन होतात, आणि या मुलाखतींचा हंगाम साधारण डिसेंबर ते मार्च असतो. तारीख १४ किंवा १५ जानेवारीच्या आसपास आली, तर उत्तरायणाच्या पतंगबाजीत गच्च्यांवर वाजणाऱ्या लाउडस्पीकरपासून दूर असलेली एखादी बंद खोली आतापासूनच पाहून ठेवावी.