थिऑलॉजीला 'धर्मशास्त्र' म्हणावे का?

एका इंग्रजी शोधनिबंधाचा अनुवाद करणाऱ्या वाचकाने विचारले आहे की, 'पब्लिक एंगेजमेंट विथ सायन्स अँड ख्रिश्चन थिऑलॉजी' यासाठी 'विज्ञानप्रसार आणि ख्रिस्ती धर्मशास्त्र' असे लिहिले तर चालेल का. माझ्या मते चालणार नाही. दोन्ही शब्दांत अर्थ सरकतो, आणि 'धर्मशास्त्र' या शब्दात तो जास्त सरकतो.

'धर्मशास्त्र' म्हटले की मराठी वाचकासमोर आचार, व्यवहार आणि प्रायश्चित्त यांचे नियम सांगणारी स्मृतिपरंपरा उभी राहते, पां. वा. काणे यांनी ज्याचा बृहद् इतिहास लिहिला, ते हे शास्त्र. मराठी बायबलातही मोशेचे ते 'नियमशास्त्र' आणि त्याचे जाणकार ते 'शास्त्री', त्यामुळे ख्रिस्ती वाचकालाही या शब्दात आधी नियम दिसतो. थिऑलॉजी म्हणजे नियमांची संहिता नव्हे. अकराव्या शतकातील ख्रिस्ती विचारवंत अँसेल्म यांच्या लेखनातून रूढ झालेली कल्पना अशी की, ती आकलनाचा शोध घेणारी श्रद्धा आहे, म्हणजे श्रद्धेने आपल्याच आशयाचा केलेला तर्कशुद्ध विचार. वृत्तपत्रांत 'धर्मशास्त्राची पदवी' असे सर्रास छापले जाते आणि तेथे फारसे बिघडत नाही. शोधनिबंधात मात्र बिघडते.

याचे कारण असे की, विज्ञान आणि धर्म यांच्या संबंधांवरील या संशोधनक्षेत्रात धर्म आणि थिऑलॉजी हे दोन वेगळे विषय आहेत. संशोधक फर्न एल्सडन-बेकर यांच्या नेतृत्वाखालील प्रकल्पाने ब्रिटन व कॅनडा येथील सामान्य लोक आणि वैज्ञानिक उत्क्रांतीकडे आणि धर्माकडे कसे पाहतात, हे तपासले. तेथे लोकांच्या श्रद्धा आणि त्यांची ओळख हाच अभ्यासविषय असल्याने 'धर्म' हा शब्द नेमका बसतो. याउलट इंग्लंडमधील डरहॅम विद्यापीठात काम केलेले भौतिकशास्त्रज्ञ टॉम मॅक्लिश यांनी बायबलमधील ईयोबाच्या ग्रंथाच्या आधारे, ख्रिस्ती विचारात विज्ञानाला कोणते स्थान आहे, हा प्रश्न विचारला. तो थिऑलॉजीच्या आतला प्रश्न आहे. दोन्हींसाठी एकच शब्द वापरला, तर निबंधातील भेदच वाचकाच्या हातून निसटेल.

ख्रिस्ती मराठी लेखनात 'ईश्वरविज्ञान' आणि 'ईशज्ञान' हे दोन पर्याय भेटतात. पहिला एरवी चांगला आहे, परंतु 'विज्ञान आणि ईश्वरविज्ञान' असे लिहिताच दुसरे हे पहिल्याची शाखा वाटू लागते. (ज्ञानेश्वरीच्या सातव्या अध्यायात 'विज्ञान' म्हणजे प्रपंचाचे ज्ञान, आज तो शब्द सायन्सने पूर्णपणे व्यापला आहे.) म्हणून या निबंधापुरते मी 'ईशज्ञान' निवडेन.

'विज्ञानप्रसार' हा शब्द एकेरी आहे: जाणकाराने सांगायचे, लोकांनी ऐकायचे. ब्रिटनमध्ये 1985 च्या रॉयल सोसायटी या वैज्ञानिकांच्या संस्थेच्या अहवालाचा भर लोकांना विज्ञान समजण्यावर होता, तर 2000 च्या हाउस ऑफ लॉर्ड्सच्या अहवालाने लोकांशी संवादाचा आग्रह धरला, आणि 'एंगेजमेंट' ही संज्ञा या बदलाचीच वाहक आहे. 'लोकसहभाग' या शब्दाला सरकारी योजनांचा वास येतो, त्यामुळे 'लोकसंवाद' बरा.

विज्ञानाबरोबर थिऑलॉजीही त्या संवादाचा विषय आहे की ती नुसती शेजारी ठेवली आहे, हे इंग्रजी रचनेत संदिग्ध राहते. मराठीत विभक्ती लावताना ते ठरवावेच लागते, म्हणून आधी मूळ निबंध वाचून खात्री करावी. दोन्ही विषय अभिप्रेत असतील तर 'विज्ञान व ख्रिस्ती ईशज्ञान या दोहोंविषयीचा लोकसंवाद' असे लिहावे, आणि नसतील तर 'विज्ञानविषयक लोकसंवाद आणि ख्रिस्ती ईशज्ञान'.

थिऑलॉजियनसाठी मात्र 'ईशज्ञानी' लिहू नये, कारण त्यातून ईश्वराचा साक्षात्कार झालेली व्यक्ती सूचित होते. 1982 मध्ये अँग्लिकन धर्मगुरू झालेले केंब्रिजचे जॉन पोल्किंगहॉर्न यांचा उल्लेख 'भौतिकशास्त्रज्ञ आणि ईशज्ञानाचे अभ्यासक' असा केला, तर कोणताच गैरसमज होणार नाही.