वाचकांचे प्रश्न : कन्सोलमध्ये दिसणारा डेटा पानावर का दिसत नाही?

प्रश्न : मी सोलापूरच्या तापमानाचे एक वेबपान तयार करत असून, त्यासाठी ओपन-मेटिओ या हवामानाच्या एपीआयकडून (प्रोग्रामला डेटा पुरवणाऱ्या सेवेकडून) दर तासाचे तापमान मागवतो. कन्सोलमध्ये (ब्राउझरच्या तपासणी-खिडकीत) सगळा डेटा व्यवस्थित दिसतो, पण पानावर आकड्यांच्या जागी ‘अनडिफाइन्ड’ (किंमत ठरलेली नाही) उमटत होते. मित्राने कोड दुरुस्त करून दिल्यावर आकडे आले. आता मात्र दिवसातील सर्वाधिक तापमान सकाळी नऊच्या सुमारास दिसते. चूक एपीआयची आहे का? — एक विद्यार्थी, सोलापूर

उत्तर : एपीआयची चूक नाही. ‘फेच’ ही आज्ञा विनंती पाठवून मोकळी होते आणि जावास्क्रिप्ट उत्तरासाठी न थांबता पुढच्या ओळीकडे वळते. त्यामुळे आपली तक्ता भरणारी ओळ डेटा येण्यापूर्वीच चालून गेली असणार. कन्सोलमध्ये छापणारी ओळ बहुधा ‘देन’च्या, म्हणजे उत्तर आल्यावर चालणाऱ्या भागाच्या, आत असल्याने तिला डेटा सापडला. तक्ता भरण्याचे कामही तिथेच किंवा उत्तराची वाट पाहायला लावणाऱ्या ‘अवेट’नंतर व्हायला हवे. उत्तरातून जेसन (डेटा लिहिण्याचे मजकूर-स्वरूप) वाचून घेण्याची क्रियाही वेळ घेत असल्याने ‘अवेट’ दोनदा लागतो, हे नवशिके हमखास विसरतात.

आकडे सकाळकडे सरकण्याचा प्रकार अधिक फसवा आहे, कारण त्यात कुठेही लाल अक्षरांत एरर येत नाही. आपण विनंतीत टाइमझोन सांगितला नाही, तर ओपन-मेटिओ सर्व वेळा ग्रीनिच वेळेनुसार पाठवते आणि त्या वेळांच्या शेवटी टाइमझोनची कोणतीही खूण नसते. अशी खूण नसलेली तारीख-वेळ जावास्क्रिप्ट स्थानिकच समजते, म्हणून दुपारी अडीचचे ऊन पानावर सकाळी नऊला पडते. विनंतीत ‘एशिया/कोलकाता’ हा टाइमझोन द्यावा. आकड्यांत हाताने साडेपाच तास मिळवत बसू नये. याउपर ‘आत्ताचा तास’ ठळक करून दाखवायचा असेल, तर दुबईत बसून हे पान उघडणाऱ्या सोलापूरकराला तो दीड तास मागे दिसेल, याचाही विचार करावा लागेल.

मित्राचा कोड समजून घेताना उत्तराची रचना अवश्य पाहावी. दर तासाची एकेक नोंद येईल अशी आपली अपेक्षा असते, पण येथे वेळांची एक आणि तापमानांची दुसरी अशा दोन समांतर याद्या येतात. क्रमांकावरून त्यांची जोडी आपणच लावायची असते. त्या दोन्ही याद्या ज्या ऑब्जेक्टमध्ये असतात त्यावर थेट ‘मॅप’ (यादीतील प्रत्येक नोंदीवर काम करणारी आज्ञा) चालवल्यास एरर येणारच.

आपल्या प्रश्नात नसलेली, पण मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी बाब अशी, की उत्तर आलेच नाही तर पान काय दाखवणार हे आधी ठरवावे. सर्व्हरने ४०४ (सापडले नाही) किंवा ५०० (सर्व्हरमधील बिघाड) असा क्रमांक परत केला तरी ‘फेच’ त्याला अपयश मानत नाही. नेटवर्क तुटण्यासारख्या कारणाने उत्तर हातीच आले नाही, तर ते एरर देते. म्हणून ‘रिस्पॉन्स’मधील (आलेल्या उत्तरातील) ‘ओके’ ही यशाची खूण आपण स्वतः तपासावे. विनंतीत चूक असल्यास ओपन-मेटिओ ४०० क्रमांकासोबत कारणही कळवते. ते कन्सोलमध्ये राहू द्यावे आणि वाचणाऱ्याला ‘तापमान मिळू शकले नाही, पुन्हा प्रयत्न करा’ एवढे साधे वाक्य दाखवावे. बाहेरून आलेला मजकूर पानात घालताना ‘टेक्स्टकंटेंट’ वापरावे, ते त्याला निव्वळ मजकूर मानते. ‘इनरएचटीएमएल’ने परक्या मजकुरातील घातक कोडही चालू शकतो.

प्रश्न : एका एपीआयचे उत्तर पोस्टमनमध्ये (एपीआय तपासण्याच्या अॅपमध्ये) मिळते, ब्राउझरमध्ये मात्र ‘कॉर्स’चा (दुसऱ्या संकेतस्थळाचा डेटा वाचण्याच्या परवानगीचा) एरर येतो. फ्रंटएंडमध्ये (ब्राउझरमध्ये चालणाऱ्या कोडमध्ये) यावर उपाय आहे का? — एक वाचक, पुणे

उत्तर : नाही. हा निर्बंध ब्राउझर लावतो, पोस्टमन लावत नाही, आणि परवानगी एपीआयच्या सर्व्हरने हेडरमधून (उत्तरासोबतच्या माहितीतून) द्यायची असते. ‘फेच’मध्ये ‘नो-कॉर्स’ लिहिल्याने एरर दिसेनासा होतो, पण आलेले उत्तर आपल्या कोडला वाचता येत नाही. तो सर्व्हर आपल्या हाती नसेल, तर मध्ये स्वतःचा छोटा सर्व्हर ठेवून त्याच्याकडून डेटा मागवावा. आपल्या एपीआयला गुप्त ‘की’ (ओळखीची किल्ली) लागत असेल, तर तीही तिथेच ठेवावी, कारण फ्रंटएंडमधील ‘की’ ब्राउझरचा नेटवर्क टॅब उघडून कोणीही वाचू शकतो.